फी भरली, तरी नाव कापलं

प्रश्न: ताई, मी लातूरची. जर्मनीत मास्टर्स करते आहे. ऑक्टोबरपासूनच्या सेमिस्टरची फी जुलैमध्येच भरली. माझं कार्ड तेव्हा बंद होतं म्हणून रूममेटच्या खात्यातून पैसे पाठवले, माझं नाव लिहून. विद्यापीठात ते माझ्या नावे जमाच झाले नाहीत. ईमेल केल्या, तर ‘आपला संदेश मिळाला’ एवढंच मशीनचं उत्तर. आता पत्र आलंय : फी मिळाली नाही, 1 ऑक्टोबरपासून नाव कमी. माझा राहण्याचा परवाना 30 सप्टेंबरला संपतो आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ मिळालीय डिसेंबरची. बाबा म्हणतात, आपल्या दूतावासाला फोन कर. रूममेट म्हणते, घरी जा आणि नव्या व्हिसावर परत ये. काय करू?

उत्तर: तुला मी ईमेलने लगेच कळवलंच होतं. अशी पत्रं दर सप्टेंबरात येतात, म्हणून उत्तर इथेही देते.

घरी जायचं नाही, हे पहिलं. परवाना संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज पोचला, की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. तिथल्या निवास कायद्याचं कलम 81, पोटकलम 4. डिसेंबरची वेळ म्हणजे अर्ज नव्हे, भले वेळ तू ऑगस्टमध्ये मागितली असशील. अर्ज वेगळा करायचा, ऑनलाइन फॉर्मने किंवा लेखी, आणि पोचल्याचा पुरावा जपायचा. सोबत ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ मागायचं, म्हणजे मधल्या काळाचा दाखला. खर्चाची सोय दाखवावी लागेल : 2025 च्या हिशेबाने महिन्याला 992 युरो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते त्या खात्यात, तेवढे नसतील, तर नोकरीच्या पगारपावत्या लाव.

आता विद्यापीठाचं पत्र. त्यातला शेवटचा परिच्छेद वाच, जो कुणीच वाचत नाही. निर्णयाविरुद्ध कुठे आणि किती दिवसांत जायचं ते तिथे असतं. बहुतेक वेळा एक महिना. काही राज्यांत विद्यापीठाकडेच ‘विडरश्प्रुख’, म्हणजे लेखी हरकत, द्यायची असते. काही राज्यांत ती पायरीच काढून टाकलीय आणि थेट प्रशासकीय न्यायालय गाठावं लागतं. साधी ईमेल हरकत म्हणून धरत नाहीत. कागदावर लिही, खाली सही कर, रजिस्टर्ड पोस्टाने पाठव किंवा स्वतः नेऊन दे आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घे. हरकत वेळेत पोचली की सहसा निर्णयाचा अंमल थांबतो. तात्काळ अंमल असं पत्रात वेगळं लिहिलं असेल तरच नाही.

मजकूर चार ओळींचा. मी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात काम केलंय, त्यामुळे खिडकीच्या आतली बाजू मला माहीत आहे. ‘आदरणीय महोदया, मी एका सामान्य कुटुंबातून’ अशी सुरुवात असलेली दोन पानी ईमेल ढिगात खाली जाते. वर राहते ती, जिच्या विषयात विद्यार्थी क्रमांक असतो आणि सोबत बँकेचा उतारा : कुठल्या खात्यातून, कुठल्या तारखेला, किती युरो. तुझ्या बाबतीत घोळ नेमका इथेच आहे. पैसे विद्यापीठाच्या खात्यात पडून आहेत, पण क्रमांक नसल्यामुळे संगणकाला ते कुणाचे हे कळत नाही, आणि संगणकाला कळत नाही ते बाईंनाही कळत नाही. रूममेटकडून उतारा आणि ‘हे पैसे मी हिच्यासाठी भरले’ असं सही केलेलं पत्र घे.

तुझा राग मला पटतो. पैसे घेऊन नाव कापायचं आणि वर दोन महिने उत्तर द्यायचं नाही, याला शिस्त म्हणत नाहीत. आपल्याकडे तहसील कचेरीत निदान ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणायला एक चेहरा तरी असतो. पण ही वागणूक भारतीय म्हणून मिळाली असं मनात धरू नकोस. जर्मन मुलांचीही नावं अशीच कापली जातात, फक्त त्यांच्या परवान्याची तारीख संपत नसते.

दूतावासाला फोन करून उपयोग नाही. विद्यापीठाच्या निर्णयात ते पडत नाहीत. त्यापेक्षा विद्यार्थी संघटनेकडे जा, तुमच्याकडे आस्टा म्हणतात की श्टुरा ते बघ. बऱ्याच ठिकाणी तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. आरोग्य विमा कंपनी आणि तू काम करतेस ते ठिकाण, दोघंही नव्या सेमिस्टरचा नोंदणी दाखला मागतील. हरकतीची शिक्का मारलेली प्रत तोवर हाताशी ठेव.

दिवाळीचं तिकीट काढलं असशील, तर मधल्या काळाचा दाखला हातात आल्यावर त्यावर पोटकलम 4 चीच खूण आहे ना ते तपास. त्यावर परत येता येतं. पोटकलम 3 ची खूण असेल तर येता येत नाही, तेव्हा फराळ पार्सलने मागव.