गळ्यात माळ आहे, हॉटेल मॅनेजमेंट जमेल का?

प्रश्न : ताई, मी बार्शीजवळच्या गावातली, बारावी कॉमर्स, मराठी मीडियम. हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री करायचीय. घरचे सगळे माळकरी, माझ्याही गळ्यात माळ आहे. बाबा म्हणतात तिथे मटण-मासे कापायला लावतात. आणि सायन्स नाही तर अ‍ॅडमिशन मिळेल का?

उत्तर : अगं, सायन्सचं टेन्शन सोडून दे, कुठलीही शाखा चालते, बारावीला इंग्रजी मात्र पाहिजेच. परीक्षा दोन, आणि दोन्हींचे फॉर्म भर. एनसीएचएम जेईई देशपातळीवरची, तिच्यातून दादरचं किंवा गोव्यात पर्वरीचं आयएचएम, म्हणजे केंद्र सरकारचं हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज, मिळू शकतं, तिथे बीएस्सी तीन वर्षांची. दुसरी आपल्या राज्याची सीईटी, बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्याच डिग्रीसाठी, ती चार वर्षांची. जेईईत इंग्रजीला वजन जास्त असतं, म्हणून रोज एक पान मोठ्याने वाच, आजपासूनच. कस्टमर चिडलाय तर तू काय करशील असलेही प्रश्न येतात, ते तुला घरी आल्यागेल्याचं करून करून आपोआप सुचतील.

आता बाबांचं. ते खोटं बोलत नाहीयेत. नेहमीच्या कोर्समध्ये किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस (म्हणजे रिसेप्शन), हाउसकीपिंग हे चारही सगळ्यांना शिकावं लागतं, आणि किचनच्या प्रॅक्टिकलला अख्खी कोंबडी समोर ठेवून तिचे आठ तुकडे करायला शिकवतात. पुढे नोकरी फ्रंट ऑफिसची घेतलीस तर मांसाला हात लावायचा प्रश्न नाही, पण शिकताना तो येतोच. अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या आयएचएमनी 2016 मध्ये शाकाहारी पर्याय सुरू केला होता, तेव्हा कॉलेजची पसंती भरायच्या आधी तिथे ईमेल करून यंदाचं विचार आणि उत्तर लेखी घे, तोंडी हो म्हणाले यावर घरदार सोडून जाऊ नकोस गं.

आणि एक, यात दरवर्षी पोरं अडकतात म्हणून कळकळीने सांगते. ओबीसीतून फॉर्म भरणार असशील तर आयएचएमला केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर सर्टिफिकेट लागतं, राज्याचं चालत नाही. सेतूत अर्ज देतानाच 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांग, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना तेही बघून घे.

बाबांना एकदा सोबत घेऊन कॉलेजला जा. तिथलं ट्रेनिंग किचन त्यांनी स्वतः बघू दे, तिथल्या मुलींशी बोलू दे, मग काय ते ठरवा दोघं मिळून.