मिझोराममध्ये इतक्या कमी काळात जवळजवळ सगळे ख्रिस्ती कसे झाले? तांदूळ-पैसे वाटूनच ना?

नोकरीमुळे काही वर्षं ऐजॉलला होतो, म्हणून उत्तर देतोय. तांदळाचं आधी निकालात काढू, कारण तिथे तांदूळ उलट्या दिशेने गेलाय. आमच्या घरमालकीणबाई भाताला तांदूळ काढून घेतले की धुण्याआधी त्यातली एक मूठ ओट्यावरच्या वेगळ्या डब्यात टाकायच्या. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. मग चर्चच्या बायका दारोदार फिरून ते तांदूळ गोळा करत आणि विकून आलेले पैसे चर्चला जमा होत. आपल्याकडचा मुष्टिफंडच म्हणा. तिथे त्याला बुहफाय थम म्हणतात. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आजही तिथल्या प्रेस्बिटेरियन (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चचा मोठा आधार आहे.

सुरुवात मात्र अगदीच रडतखडत झाली. १८८९-९० च्या मोहिमेत इंग्रजांनी लुशाई टेकड्या (म्हणजे आजचं मिझोराम) ताब्यात घेतल्या, त्याशिवाय कुठलाही पाद्री तिथे टिकला नसता, हे कबूल केलंच पाहिजे. १८९४ च्या जानेवारीत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी तिथे पोचले. चारेक वर्षांत त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, व्याकरण आणि शब्दकोश तयार केला, बायबलमधली काही पुस्तकं भाषांतरित केली. बाप्तिस्मे किती? शून्य. १८९७ मध्ये वेल्समधल्या मिशनचे डी. ई. जोन्स आले (यांच्याच कामातून पुढे तिथलं प्रेस्बिटेरियन चर्च उभं राहिलं) आणि १८९९ मध्ये खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा झाला. पाच वर्षांत दोन माणसं!

खरा वेग आला १९०६ नंतर. १९०४ मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृतीची लाट उठली होती. वेल्श मिशन खासी टेकड्यांमध्ये (आजच्या मेघालयात) १८४१ पासून होतंच, तिथे ती पोचली. काही मिझो मंडळी तिथल्या मैरांग गावच्या सभेला जाऊन आली आणि तो जोश ऐजॉलला घेऊन आली. गोऱ्या पाद्र्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. डोंगरातून गावोगाव पायपीट करून प्रचार केला तो मिझोंनीच. गावच्या सरदारांनी छळ केला, काही कुटुंबांना गावाबाहेर काढलं. १९११-१२ मध्ये माउताम आला, म्हणजे बांबू फुलला, उंदीर बेसुमार वाढले आणि पीक फस्त झालं. त्या दुष्काळात मिशनने मदत केली, त्याचा परिणामही झाला असणार. तुमच्या प्रश्नात एवढंच काय ते तथ्य आहे.

पण माझ्या मते दोन कारणं जास्त वजनदार होती. पूर्वी आजारपण आलं की भुताखेतांना शांत करायला कोंबडं, डुक्कर, प्रसंगी गयाळ (गव्यासारखं पाळीव जनावर) बळी द्यावा लागे. गरिबाचं कंबरडं मोडायचं. त्यातून सुटका झाली. दुसरं म्हणजे शाळा. सरकारने शिक्षण बहुतांशी मिशनवरच सोपवलं होतं, त्यामुळे अक्षरओळख आणि चर्च हातात हात घालून आले. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ९१ टक्क्यांच्या वर आहे, ती काही आभाळातून पडलेली नाही.

आणि गाणं! पाद्र्यांना ढोल पसंत नव्हता, कारण तो दारू आणि जुन्या सणांशी जोडलेला. लोकांनी तो परत चर्चमध्ये आणलाच. मोठा आणि छोटा ढोल, त्यावर संथ, लांबवत म्हटलेली गाणी, आणि अंगात भरलं की लोक उठून गोलात नाचतात. वेल्समधून आलेला पंथ असा मिझो होऊन गेला.

१९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटचं भारत सरकारविरुद्ध बंड पेटलं. त्यानंतर दोनेक वर्षांत परदेशी मिशनरींना जावं लागलं. चर्चचं काहीही अडलं नाही, कारण पहिला मिझो पाळक १९१३ मध्येच झाला होता. आता तेच लोक स्वतःचे प्रचारक इतर राज्यांत पाठवतात.

अर्थात या वर्चस्वाची दुसरी बाजूही आहे. रविवारी बाजार चिडीचूप. दारूबंदीचा प्रश्न निघाला की आमदार आधी चर्चचा कल बघतात. बाहेरून गेलेल्याला हे काचतं, मलाही काचलं.

शिवाय ‘जवळजवळ सगळे’ म्हणजे २०११ च्या हिशेबाने ८७ टक्के, आणि तेही सगळे एका पंथाचे नाहीत. मधल्या काळात निघून गेलेले लॉरेन-सॅव्हिज १९०३ मध्ये बॅप्टिस्ट (हा प्रोटेस्टंटांचा आणखी एक पंथ) मिशनतर्फे पुन्हा तिथे आले, तेव्हापासून दक्षिणेला लुंगलेईकडे बॅप्टिस्टांचं प्राबल्य आहे. तिथल्या चकमा जमातीचे लोक बौद्ध आहेत, ते वेगळेच.