वहिनी अर्ध्या बरोबर आहेत

'ताई, वय ३८. दिवसाला पंधरा सिगारेटी ओढायचो. भाच्याने दुबईहून वेप (ई-सिगारेट) आणून दिला. आता ऑफिसात वेप, आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर चार-पाच सिगारेटी. बायको म्हणते, दोन्ही सारखंच विष. मधे निकोटिनचा गम खाऊन पाहिला. उचक्या लागल्या, घसा जळला, टाकून दिला. वेपच चालू ठेवू का?'
– लोकमान्य नगर, इंदूर

सारखंच नाही. सिगारेटीत जीव घेतो तो धूर: जळत्या तंबाखूतलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन चटक लावतं. वेपमध्ये तंबाखू जळत नाही, म्हणून तो कमी घातक. निर्धोक मात्र नाही. आणि हा हिशोब सिगारेट पूर्ण सुटली तरच लागतो. रोजची एक सिगारेटसुद्धा हृदयाला बरीच महागात पडते, तुमच्या तर चार-पाच आहेत. तिथे वहिनी बरोबर.

शिवाय २०१९ पासून भारतात वेपची आयात, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी आहे. भाच्याने पुन्हा आणला तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरून मिळणाऱ्या मालात निकोटिन किती, यावर भरवसा नाही.

म्हणून तो टाकलेला गम पुन्हा आणा. तुम्ही तो साध्या च्युइंगमसारखा चघळलात. निकोटिन लाळेबरोबर पोटात गेलं, म्हणून उचक्या. ते गालाच्या आतून रक्तात जायला हवं. सावकाश चावा, झणझणलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या. झणझण गेली की पुन्हा दोन-चार चावे, जागा बदला. एक गम अर्धा तास पुरतो. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही, तेव्हा आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नाही, पोह्यांवरचं लिंबूही नाही. (इंदुरात हे अवघड आहे, कबूल.)

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅ, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. नाहीतर २ मिग्रॅ, चिठ्ठीशिवाय. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. तलफ येईपर्यंत थांबायचं नाही, बहुतेकांचं इथेच फसतं. पुढे अंतर वाढवत बारा आठवड्यांत बंद. जोडीला निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावला तर एकट्या गमपेक्षा बरा गुण येतो. चिठ्ठी घ्याल तेव्हा विचारा, बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर तेही सांगा.

आणि चहा निम्मा करा. धूर थांबला की शरीर कॅफीन हळू पचवतं. तेवढ्याच चहाने झोप उडते, चिडचिड होते, आणि खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं.

पहिला महिना सराफ्यात मित्रांऐवजी वहिनींबरोबर जा. सिगारेट आधी सुटू दे. वेप घाईने सोडून पुन्हा पंधरावर जाऊ नका. अडलात तर १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्तीचा फुकट नंबर आहे. वेप टाकाल तेव्हा आत लिथियमची बॅटरी असते हे लक्षात ठेवा: कचरागाडीत तो सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्याच्या कप्प्यात.