मधुमालतीला काटे कसे आले? ही वेल आहे की झुडूप?

काटे दिसले म्हणून नर्सरीवाल्याने भलतंच रोप गळ्यात मारलं असं समजू नका. समोरासमोर पानं, संध्याकाळचा सुवास आणि एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल फुलं, एवढं तुम्ही कळवलेलं वर्णन पुरे आहे. ती मधुमालतीच. आमच्या इंदूरमधल्या रामबागेतल्या घराच्या फाटकावरही हीच चढली आहे.

पान गळताना देठाचं बूड फांदीवरच राहतं. ते वाळून टणक होतं, जरासं वाकतं. तोच तुमचा काटा. जुनी फांदी नीट बघा, काटे बहुतेक जोडीने, समोरासमोर दिसतील, कारण पानं तशीच होती. कोवळ्या शेंड्यावर एकही सापडणार नाही. कारल्यासारखे तणावे हिला नसतात, त्यामुळे जाळीत, शेजारच्या झाडात अडकून राहायला हे आकडेच कामी येतात. इंदूरच्या थंडीत पानं झडली की ते एकदम नजरेत भरतात, एवढंच.

वेल की झुडूप? दोन्ही. रोप लहान असताना सरळ उभं झुडूप. मग लांबलचक फांद्या सुटतात आणि आधार मिळेल तिकडे धावतात. खोड मात्र लाकडीच. कूळ हिरडा, बेहडा, अर्जुनाचं. शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम, जुन्या पुस्तकांत क्विसक्वालिस इंडिका.

रंगांचं कोडंही साधं आहे. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. घोसातली फुलं एकदम उमलत नाहीत, म्हणून तिन्ही रंग एकत्र. आणि ज्याला आपण फुलाचा लांब देठ म्हणतो तो देठ नव्हेच, ती निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या आवरणाची, पोकळ नळी. एक फूल उभं चिरून बघाच: मध आत खोल, अंडाशय पार बुडाशी. तिथवर पोचायला लांब सोंडेचा पतंग लागतो, तो रात्री येतो. पांढरा रंग आणि सुवास त्याच्यासाठी.

पाच धारांचं फळ बागेत क्वचितच धरतं, दुहेरी पाकळ्यांच्या जातीत तर आशाच नको. नवं रोप हवं असेल तर छाट कलम लावा, नाहीतर मुळाशी फुटलेला धुमारा काढून घ्या.

काटे एकेक खुडत बसू नका. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा थंडी ओसरली की जुन्या फांद्या बिनधास्त छाटा. हातमोजे घालून.