पालथं पडून नेम धरताना रायफल 'टेकवतात' का?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची मुलगी दुधाळीच्या रेंजवर रायफल नेमबाजी शिकते. शाळेच्या अंकासाठी तिनं लिहिलं, 'जमिनीवर झोपून, रायफल टेकवून मी नेम धरला.' बाईंनी 'टेकवून'खाली लाल रेघ मारली. ताई विचारतात, यात चुकलं काय, आणि असं पालथं पडून नेम धरण्याला रेंजवर 'प्रोन' पोझिशन म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

ताई, रेघ बरोबर जागी पडलीय. टेकवणं म्हणजे एका वस्तूचा भार दुसरीवर सोडणं. शिडी भिंतीला टेकवतात, डोकं उशीला टेकवतात. या खेळात रायफल कशालाही टेकवायला परवानगीच नाही. ती दोन हात आणि एका खांद्यानं धरायची, गाल दस्त्याला (रायफलच्या मागच्या भागाला) लावायचा, बस्स. जमिनीला टेकतात ती कोपरं. डावा हातसुद्धा फार खाली नेता येत नाही, कारण कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करून उभा हवा, असा नियम आहे.

मग रायफलचं वजन जातं कुठं? दंडात अडकवलेला पट्टा पुढं डाव्या तळव्यापाशी रायफलला जोडलेला असतो. तो ताणला की भार पट्टा आणि हाताची हाडं मिळून घेतात, स्नायू सैल राहतात. याला आपल्याकडं नेमकं क्रियापद आहे : पेलणं. नुसतं उचलणं नव्हे, भार घेऊन तोल राखणं. 'शिवधनुष्य पेलणं' आपण म्हणतोच. म्हणून मुलीनं 'पालथं पडून, कोपरं टेकवून, रायफल पेलून नेम धरला' असं लिहावं.

'रायफल स्थिर केली' असं लिहितात, तेही मला खटकतं. जोर लावून दाबून धरलेली रायफल उलट थरथरते. अंग नीट लागलं की ती आपसूक स्थिरावते. प्रशिक्षक ते तपासायला लावतात : नेम धरा, डोळे मिटा, एकदोन श्वास घ्या, उघडा. माशी (नळीच्या टोकावरच्या खुणेचं हे जुनं मराठी नाव) काळ्या गोलावरून सरकलेली दिसली, तर तिला हातानं ढकलून जागेवर आणायचं नाही. डावं कोपर तिथंच ठेवून बाकीचं सगळं अंग थोडं फिरवायचं. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, तिथं ढकललेली रायफल घोडा दाबताक्षणी मूळ जागी परत जाते आणि गोळी वर्तुळाबाहेर लागते. 'स्थिरावणे' या अकर्मक रूपात ही सगळी कला आलीय, म्हणून मी त्याचा आग्रह धरतो.

आता 'झोपून'. बोलताना चालेल, पण कुठल्या अंगावर ते त्यातून कळत नाही. कोल्हापुरात तालमीतल्या पोराला हा फरक समजावावा लागत नाही : पाठ मातीला लागली की चीत, पालथा आहे तोवर कुस्ती चालू. तेव्हा पालथं. 'उपडं'ही चुकीचं नाही, पण ते मला भांड्याला जास्त शोभतं.

'पोझिशन'साठी माझी पसंती 'ठाण'ला. धनुर्विद्येत तिरंदाजाच्या उभं राहण्याच्या पद्धतींना 'स्थान' म्हणत, त्याचंच हे रूप. 'ठाण मांडून बसणं' आपण अजून म्हणतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, ती ५० मीटर पालथ्या ठाणाचीच स्पर्धा. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलं, त्यात गुडघ्यावरचं, पालथं आणि उभं अशी तिन्ही ठाणं होती. रेंजवर सगळे 'प्रोन' म्हणतात, म्हणोत. लिहिताना पर्याय हाताशी असावा.

एनसीसीत गेलेल्यांना 'शिस्त घेणं' आठवेल. ते हिंदी कवायतीतून कानी पडतं, पण नेम या अर्थी 'शिस्त' जुन्या मराठीतही आहे. आज वर्तणुकीचा अर्थ इतका पक्का बसलाय की शाळेच्या अंकात ते वापरलं तर घोटाळा होईल. 'नेम'च ठेवा. फक्त गोळी सुटेपर्यंत नेम 'धरला' म्हणायचं. 'लागला' ते लक्ष्यावर खूण उमटल्यावर.