नेट चालू आहे, पण साइट उघडत नाही

प्रश्न : ताई, आमच्याकडे फायबरचं नेट आहे. गेल्या शनिवारी दिवसभर व्हॉट्सॲप चालू होतं, पण पेन्शनच्या कामासाठी लॅपटॉपवर बँकेची साइट काही उघडेना. 'सर्व्हरचा आयपी पत्ता सापडला नाही' असं येत होतं. नेटवाला मुलगा आला, राऊटरचे दिवे बघितले आणि 'काका, नेट चालू आहे, साइटच बंद असेल' म्हणून गेला. शेजाऱ्यांच्या मोबाइल डेटावर मात्र तीच साइट उघडत होती. मग बिघाड होता कुठे?
– निवृत्त लिपिक, वाई

उत्तर : काका, तुमच्या पडद्यावरच्या त्या ओळीतच उत्तर होतं. साइट बंद असती तर 'प्रतिसाद मिळत नाही' अशा अर्थाचं काही आलं असतं. 'पत्ता सापडला नाही' याचा अर्थ तुमचा लॅपटॉप बँकेच्या दारापर्यंत गेलाच नव्हता. जायचं कुठे, हेच त्याला कोणी सांगितलं नाही.

नेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, हाच आयपी पत्ता. आपण टाइप करतो ते नाव. त्या नावाचा आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तुमचा राऊटर ही विचारणा नेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो आधी रूट सर्व्हरला (नावांच्या व्यवस्थेतल्या सगळ्यात वरच्या सर्व्हरला) विचारतो, तिथून डॉट इन किंवा डॉट कॉम सांभाळणाऱ्याकडे जातो आणि शेवटी बँकेच्या स्वतःच्या डीएनएसकडे पोहोचतो. मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ जपून ठेवतो. व्हॉट्सॲपचं मात्र सर्व्हरशी आधीच जोडलेलं कनेक्शन उघडं असतं, दर मेसेजला नव्याने पत्ता विचारावा लागत नाही. म्हणून ते चाललं.

पूर्वी ही सगळी नावं एकाच फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती हाताने सांभाळायची आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घ्यायचे. नावं वाढली तशी फाइल पुरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकाच ठिकाणी सगळी यादी नको, ज्याचं नाव त्यानेच सांभाळावं, हा त्यातला विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं. एकदा परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी चाळीसही मशीनवर साइट उघडेना. मुलं दारापर्यंत रांगेत उभी. आम्ही दोन तास वायरी उपसल्या, कनेक्टर नव्याने क्रिंप केले, स्विच बदलला. शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने काळ्या खिडकीत 'पिंग ८.८.८.८' (त्या आकड्याच्या यंत्राला 'आहेस का?' असं विचारणारी आज्ञा) टाइप केलं आणि धडाधड ओळी आल्या : 'रिप्लाय फ्रॉम ८.८.८.८, बाइट्स ३२, टाइम ३१ एमएस' (एमएस म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). मग आकड्याऐवजी साइटचं नाव टाकलं, तर 'होस्ट सापडत नाही'. म्हणजे रस्ता मोकळा होता, नावं सांगणारा गप्प होता. आमच्याच सर्व्हरची डिस्क भरल्यामुळे त्यावरची डीएनएस सेवा थांबली होती. जागा करून ती सुरू केली आणि मिनिटभरात फॉर्म उघडले. तेव्हापासून ह्या दोन ओळी मी लॅबच्या दाराशी लिहून ठेवल्या.

तुम्हीही विंडोजमध्ये 'सीएमडी' उघडून हेच करा. आकड्याला उत्तर आणि नावाला 'होस्ट सापडत नाही', तर दोष डीएनएसचा. दोन्हीला उत्तर नसेल तर फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर बहुधा फायबर तुटली आहे, आणि ते काम नेटवाल्याचंच.

डीएनएस बदलता येतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये (अनेकांचा पत्ता १९२.१६८.१.१, डब्याखालच्या स्टिकरवर असतो) प्रायमरी डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. पण यूट्यूबवर कोणी सांगितलेला भलताच आकडा तिथे टाकू नका, ही मनापासून विनंती. डीएनएस ज्याच्या हातात, तो तुम्हाला खोट्या दारात नेऊ शकतो. 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने लाखो संगणकांत असेच परके आकडे घातले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली आणि लोकांचं नेट बंद पडू नये म्हणून त्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते चांगले सर्व्हर चालवले गेले. ९ जुलै २०१२ला ते बंद झाले, तेव्हा साफ न केलेल्या मशीनची अवस्था तुमच्या लॅपटॉपसारखीच झाली. म्हणून राऊटरचा मूळ पासवर्ड आजच बदला, आणि बँकेच्या साइटवर ब्राउझरने सर्टिफिकेटचा (साइट खरी असल्याच्या दाखल्याचा) इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' कधीच दाबू नका.

प्रश्न : मुलगी सिंगापूरला असते. आमचं नेट १०० एमबीपीएसचं, मोठमोठ्या फाइल भराभर उतरतात, मग तिच्याशी व्हिडिओ कॉल तुटक का होतो?
– गृहिणी, चिपळूण

उत्तर : फाइल टीसीपी नावाच्या पद्धतीने तुकड्यातुकड्यांनी येते. त्यात प्रत्येक तुकड्याची पोच घेतली जाते, वाटेत हरवलेला पुन्हा मागवला जातो, म्हणून फाइल नेहमी अख्खी मिळते. कॉल बहुतेक वेळा यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने जातो. तिथे मुलीचा अर्धा शब्द दोन सेकंदांनी येऊन उपयोग नसतो, म्हणून उशिरा आलेला तुकडा टाकून दिला जातो. तेवढा आवाज तुटतो. तुमचा वेग भरपूर आहे, तुकडे बहुतेक घरातल्या वायफायवरच हरवत असावेत.

कॉल करता त्याच खोलीत लॅपटॉप ठेवा आणि 'पिंग १९२.१६८.१.१ -टी' चालू करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि आकडा तुमच्या राऊटरचा). वेळ २-३ एमएसवरून मध्येच २०० वर उडाली किंवा ओळीच गळाल्या, तर अडचण सिंगापूरला नाही, मधल्या भिंतीत आहे. राऊटरपासून त्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या आणि लॅपटॉप तिला जोडून कॉल लावा.