मुदत ठेव मोडण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट काढा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. घशाच्या कर्करोगासाठी घेतलेलं तुमच्या यजमानांचं रेडिएशन पाच महिन्यांपूर्वी संपलं. आता लॅबने दोन वर्षांचं पॅकेज पुढे केलंय: दर तीन महिन्यांनी त्यांची कर्करोगाचा माग काढणारी रक्ततपासणी आणि सोबत तुमची व दिरांची एकेकदा. पैसे एकदम भरले तर सूट. त्यासाठी मुदत ठेव मोडू का, असं तुम्ही विचारता.

आज तरी मोडू नका. आधी बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'एचपीव्ही' हा विषाणू आणि 'पी१६' हे त्याची खूण मानलं जाणारं प्रथिन, यांच्यापुढे काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या गाठीतून त्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात आणि ही तपासणी तेवढेच शोधते. गाठ तंबाखूमुळे झालेली असेल, तिच्यात एचपीव्ही नसेल, तर आजार उलटला तरी रिपोर्ट 'निगेटिव्ह'च येत राहील. अशा वेळी या पॅकेजवर एक पैसाही घालवू नका.

रिपोर्टमध्ये एचपीव्ही असेल तर मात्र तपासणीला खरा अर्थ आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार झालेल्या ११५ रुग्णांचं रक्त वेळोवेळी तपासलं गेलं. ८७ जणांत एकदाही तुकडे सापडले नाहीत आणि त्या काळात त्यांच्यापैकी कोणाचाही आजार उलटला नाही. लागोपाठ दोनदा पॉझिटिव्ह आलेल्या १६ जणांपैकी १५ जणांचा उलटला. म्हणून यजमानांच्या डॉक्टरांना विचारा: ही तपासणी यांना लागू आहे का, आणि पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करणार?

पैशांचा खरा प्रश्न या दुसऱ्या उत्तरात आहे. पॉझिटिव्ह आली की पुन्हा रक्त, मग दुर्बिणीची तपासणी, पेट-सीटी स्कॅन, बायोप्सी, आणि गरज पडली तर उपचार. त्या वेळी ठेव हाताशी हवी. म्हणून दर वेळी तपासणी करायची आणि तेव्हाच पैसे द्यायचे. सूट जाईल, जाऊ दे. मध्येच डॉक्टरांनी तपासणी थांबवली, तर भरलेले पैसे परत मिळतील की नाही, हे पॅकेजच्या कागदावर तरी लिहिलंय का? ठेवीची मुदत संपली की तिच्या तीन-चार लहान ठेवी करा, म्हणजे अडचणीला सगळी मोडावी लागणार नाही.

एका साध्या तपासणीत मात्र काटकसर करू नका. मानेवर रेडिएशन झालं असेल तर पुढे थायरॉईड मंदावू शकतं. त्यामुळे दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करावी लागते.

आता तुमचं आणि दिरांचं. काहीही लक्षण नसताना ही तपासणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाँगकाँगमध्ये नाकामागच्या घशाच्या कर्करोगासाठी, ईबीव्ही या वेगळ्या विषाणूचा डीएनए शोधत, २०,१७४ पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. हा कर्करोग तिथे बराच आढळतो, तरीही दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आलेल्या ३०९ जणांपैकी कर्करोग निघाला ३४ जणांना. त्या ३४ जणांपैकी बहुतेकांचा आजार लवकर सापडला, हे मोलाचंच. पण बाकीच्यांच्या वाट्याला दुर्बीण, एमआरआय आणि धास्ती आली. एचपीव्हीच्या बाबतीत तर घशात गाठ दिसतच नसेल, तर निरोगी माणसाच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर काय करायचं, याची ठरलेली वाट अजून नाही. शिवाय नव्या आरोग्य विम्याच्या अर्जात तो रिपोर्ट सांगावा लागू शकतो आणि लपवला तर पुढे दावा अडकू शकतो. दिरांचा स्वतःचा विमा नसेल तर तुमच्या दोघांच्या तपासणीचे पैसे त्याच्या हप्त्याकडे वळवा.

दिरांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना दुखत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर त्यांनी रक्त द्यायला न जाता थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं, आणि ते याच आठवड्यात.